शनीच्या पल्याड, भिवंडीच्या अलीकडे

"अक्का, यान अजून शनीच्या अलीकडंच हाय!"

दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं, माझ्या हातात कुलूप, खांद्यावर पर्स, आणि रस्त्याच्या पलीकडून ही आरोळी यायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही. अंबादासअन्ना रस्ता ओलांडायचे नाहीत. तिकडूनच बातमी द्यायचे, मी मान हलवली की पुढे निघायचे. चौकात पुन्हा तेच. तिथला चहावाला विचारायचा, "मग पल्याड कधी जाणार, अन्ना?" अन्ना म्हणायचे, "इंधन कमी पडलंय. बघू, दिवाळीपतुर."

नवीन माणसाला वाटायचं, यांचा कुणी भाचा ट्रक घेऊन कुठेतरी अडकलाय. एका भाजीवालीने तर काळजीने विचारलं होतं, "टेंभुर्णीला वळण चुकलं असंल का वो त्याचं?"

यान अन्नांच्या कादंबरीतलं होतं. अन्नांनी सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात माग चालवले. मागांच्या खडखडाटात कान निम्मे गेले. माग सुटले तरी आवाज काही खाली आला नाही. त्यामुळे अन्नांनी एखादी गोष्ट कानात सांगितली तरी साखर पेठेपर्यंत ऐकू जाते. जिचा शेवट छापण्याआधीच भाजीवाल्यांना, न्हाव्याला आणि रिक्षा थांब्याला माहीत होता, अशी ही मराठीतली एकमेव विज्ञान कादंबरी असावी. रिक्षावाल्यांना तर तो शेवट पसंत नव्हता. त्यांनी दुसरा सुचवला. अन्नांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमी तुमची लिवा की."

माझं डीटीपीचं दुकान आहे, सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दुकानांच्या पाट्या, टॉवेलच्या पाकिटावरची लेबलं. कादंबरी हा माल माझ्याकडे त्याआधी कधी आला नव्हता. अन्ना पहिल्यांदा रस्ता ओलांडून आले ते काखेत कागदांचा गठ्ठा घेऊनच. टॉवेलच्या गठ्ठ्याला मारतात तशी त्याला आडवी-उभी सुतळी मारलेली होती. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताणा झालाय. बाणा बी झालाय. आता फकस्त गाठी बघायच्या."

त्यांच्या भाषेत ताणा म्हणजे कथानक आणि बाणा म्हणजे संवाद. गाठी बघणं म्हणजे संपादन. मी म्हटलं, मी टाइप करून देईन, गाठी बघणं माझं काम नाही. ते म्हणाले, "बघा की. डोळे हायत की तुमाला." वयाने मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, तरी मी अक्का. अक्का झालं की नाही म्हणता येत नाही, हा आमच्याकडचा घोटाळाच आहे.

त्याआधी त्यांनी ते बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं होतं. उत्तर आलं होतं की यान आवडलं, पण सोलापूर काढा. अन्नांना ते फार लागलं. "सोलापूर काढलं तर यान उडणार कुटनं?" एवढं म्हणून त्यांनी प्रकाशक हा विषय मिटवला. फंडाच्या पैशातून पुस्तक आपणच काढायचं ठरवलं.

पहिल्या प्रकरणापासून आमची जुंपली. यान प्रकाशाच्या वेगाने चाललंय आणि नायक खिडकी उघडून हात बाहेर काढतो.

"अन्ना, अंतराळात खिडकी उघडत नाहीत."

"आत उकडतंय की."

"उकडू दे. उघडली तर सगळे मरतील."

"अक्का, सोलापूरनं निघालेलं यान हाय. निघाल्यावर पयले दोन-तीन दिवस तरी उकडणारच की."

शेवटी खिडकी बंद झाली आणि यानात पंखा बसला. खाण्याच्या बाबतीत मात्र मला हार मानावी लागली. यानावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. मी म्हटलं, जरा शास्त्रीय काहीतरी लिहा, गोळ्या वगैरे. ते म्हणाले, कडक भाकरीला पाणी लागत नाही, फ्रिज लागत नाही, बुरशी येत नाही. "परदेशातल्या लोकांना आजून कळलं न्हाय, म्हणून ते गोळ्या खात्यात." भाकरी राहिली, चटणीसकट.

यानाचा कॅप्टन होता, पण सगळे त्याला जॉबर म्हणत. मागाच्या कारखान्यात मशिन दुरुस्त करणारा तो जॉबर. इंजिन बंद पडलं की हा जॉबर त्याला पान्याने एक ठोका द्यायचा आणि इंजिन चालू. शनीच्या कड्यात शिरताना यानावरचे लोक बोनस मागतात असंही एक प्रकरण होतं. ते मी ठेवलं. चांगलं होतं.

आता मुद्द्याचं. शनीच्या पल्याड जो ग्रह लागतो तिथे वाऱ्याचा आवाज इतका, की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून तिथले लोक हातांनी बोलतात. इथपर्यंत ठीक. पण अन्नांनी ते हातवारे सगळेच्या सगळे लिहिले होते. "त्याने डावा अंगठा हनुवटीला लावला. तिने दोन बोटं खांद्यावर टेकवली. त्याने उजव्या हाताची करंगळी वर केली. ती आली." पानामागून पानं. त्यात ती करंगळी तर दर प्रकरणात. यान जळतंय, शत्रू आलाय, आणि हा उभा करंगळी वर करून. आणि ती येते. काही बोलत नाही, काही होत नाही. परत जाते.

मी एक दिवस सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारलं. जिथे जिथे हनुवटी, खांदा, करंगळी होती तिथे एकच वाक्य टाकलं: "त्याने खूण केली." कादंबरी चांगली सडसडीत झाली. प्रूफ दिलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून आरोळी आली नाही. अन्ना आत आले, प्रूफ टेबलावर ठेवलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"अक्का, कुटली खूण?"

"कुठलीही. वाचणाऱ्याला कळतं."

"न्हाय कळत."

भाकरी सोडली तर बाकी सगळ्या गोष्टींत त्यांनी माझं ऐकलं होतं. खिडकी सोडली, खलनायकाचं नाव बदललं, तीन ग्रह कमी केले. पण बोटं एक इंचही हलवू दिली नाहीत. सगळी परत टाइप करायला लावली. मी केली. कामाचे पैसे देणारा माणूस चुका मागत असेल तर त्या शुद्धलेखनासकट द्याव्यात, असं माझं धोरण आहे.

मग मुखपृष्ठ. मी झकास यान केलं होतं, मागे आग, शेजारी कडं घातलेला शनी, कोपऱ्यात निळी पृथ्वी. अन्नांनी ते कौतुकाने बघितलं, "लई भारी हाय" म्हणाले, आणि म्हणाले, "हे मागच्या बाजूला घाला. पुढं हात पायजे."

"कसला हात?"

त्यांनी उजवा हात वर केला. मूठ बंद, करंगळी वर. मी सांगितलं की सोलापुरातच काय, कुठल्याच गावात या खुणेचा अर्थ शनी असा होत नाही. लोक पुस्तक हातात घेऊन लघवीचा रस्ता विचारतील. ते हसले नाहीत. यावर आमचं आठवडाभर अडून राहिलं.

त्याच आठवड्यात लेबलांचं प्रूफ दाखवायला मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात गेले. एरवी मी ऑफिसातूनच परत येते. त्या दिवशी मालक आत शेडमध्ये होते म्हणून आत गेले. पायाखालची फरशी थरथरत होती. मी मालकांना हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. आणि तेवढ्यात लांबच्या एका मागावरच्या माणसाने हात वर केला. मूठ बंद, करंगळी वर.

शेडच्या दुसऱ्या टोकाकडून एक बाई सुताच्या कांड्यांची पाटी घेऊन मागांच्या मधून वाट काढत आली. कांड्या ठेवल्या आणि गेली. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, त्यात सूत भरलेली कांडी असते. ती संपली की कापड अडतं, म्हणून नवी लागते. करंगळी म्हणजे कांडी संपली, आण. तेवढ्यात दुसऱ्याने डावा अंगठा हनुवटीला लावला. अर्थ उघड होता, मालक इकडे येतायत. सगळे माना खाली घालून कामाला लागले.

माझ्या कॉम्प्युटरमधला अख्खा ग्रह तिथे पाळीवर होता.

दुसऱ्या दिवशी मीच रस्त्याच्या अलीकडून ओरडले, "अन्ना, तुमचे परग्रहवासी सापडले! एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतात!"

मला वाटलं हसतील. ते इकडेतिकडे बघत घाईघाईने रस्ता ओलांडून आत आले आणि स्टुलावर बसले. "कुणाला सांगितलं न्हाय न्हवं?"

"कांडी संपली, याच्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"काय न्हाय." त्यांनी प्रिंटरमधला कागद सरळ केला. "मी जरा लवकर करायचो वर."

"काय?"

"करंगळी. कांडी संपायच्या आधी."

मला कळायला वेळ लागला. लेबलं करणारी बाई मी.

तिचं नाव नागमणी. शेडच्या त्या टोकाला कांड्या भरायची. अन्ना तेव्हा विशीतले. मी विचारलं, बोलणं व्हायचं का? "रोज की. पाळी सुटंपतुर बोलायचो. हातानं." आणि तोंडाने? "शेडच्या भायेर तिचा बाप सायकल घिऊन हुभा असायचा." एवढ्या काळात अन्नांनी तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

"तिला कळलं होतं का, कांडी अर्धी भरलेली असायची ते?"

"तीच तर गोम हाय, अक्का." अन्ना स्टुलावर पुढे सरकले. "ती यायची, कांडी ठेवायची, जायची. धोट्याकडं कदी बघायचीच न्हाय. दुसरी कुनी असती तर म्हनली असती, डोळे फुटले का, हाय की आजून सूत. ही एकदा बी बघितली न्हाय. आता तुमी शिकलेल्या हायसा. सांगा. न बघणं म्हंजे कळलेलं असतंय का न कळलेलं?"

मी एवढ्या लग्नपत्रिका छापल्या आहेत, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, माहीत नाही.

"मला बी," अन्ना म्हणाले.

तिचं लग्न भिवंडीला झालं. तिथेही मागच. सासरी नाव बदललं म्हणतात. काय ठेवलं ते अन्नांना कळलं नाही आणि विचारता आलं नाही. परक्या पोरीचं सासरचं नाव विचारणारा हा कोण? म्हणजे भिवंडीत आज ती असेल तर कुठल्यातरी वेगळ्याच नावाने असेल, सुना-नातवंडांत असेल. अन्नांचं पुढे लग्न जमलं नाही, की त्यांनी जमू दिलं नाही, ते मी विचारलं नाही. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहतात.

"मग सरळ हीच गोष्ट लिहायची. शनीपर्यंत कशाला गेलात?"

"हितली लिवली असती तर गल्लीत कळलं असतं. शनीवर कोन बघतंय?"

हे पटण्यासारखं होतं. पण एक शंका राहिलीच. "तिला मराठी वाचता येतं?"

"न्हाय. तेलुगू बी न्हाय. शाळंतच गेली न्हाय ती."

"मग अन्ना, ही एवढी कादंबरी?"

अन्नांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू यान प्रकाशाच्या वेगाने का जातं हे मला पुन्हा समजावून सांगावं लागतंय. "कादंबरी लोकांसाठी की, अक्का. तिच्यासाठी मुखपृष्ठ हाय."

मी मोबाइल काढला, पांढऱ्या भिंतीपुढे त्यांना उभं केलं आणि हाताचा फोटो काढला. करंगळी वरच्या पेराला वाकडी होती. धोटा उडून लागलेला, तरुणपणीच. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर सरळ करून देते, दिसायला चांगली दिसेल. ते एकदम ओरडले, आधीच्या आवाजात, "वाकडीच ऱ्हाऊ द्या!" समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

पुस्तक निघालं. 'शनीच्या पल्याड', लेखक-प्रकाशक अंबादासअन्ना. काळ्या मुखपृष्ठावर एक हात. आता खपवायचं कसं? अन्ना याला 'गठ्ठे भायेर काढणं' म्हणत. एका वाचनालयाने दोन प्रती घेतल्या आणि ज्योतिषाच्या कपाटात लावल्या. अन्ना तक्रार करायला गेले, तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तिथेच मागणी आहे, राहू द्या. खरंच होतं ते. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर अन्ना पिशवी घेऊन बसले तर पुस्तकं हातोहात गेली. मुखपृष्ठावरची करंगळी म्हणजे साडेसातीवरची काहीतरी मुद्रा आहे, अशी बातमी पसरली होती. एका बाईने पुस्तकावर थोडं तेल वाहिलं. एक गृहस्थ परत येऊन म्हणाले, "रोज किती वेळ वर धरायची ते आत दिलेलं न्हाय." अन्नांनी त्यांना खरं सांगितलं, "हात दुखंपतुर."

या खपाचं अन्नांना काही वाटत होतं असं मला दिसलं नाही. "आज किती गेली?" विचारलं तर सांगायचे, पण पूर्वीसारखं ओरडून नाही. यान पोचलं होतं. सकाळी रस्त्यापलीकडून जाताना नुसता हात करायचे. चहावाल्याने मला विचारलं, "अन्नांची तब्येत बरी हाय ना?"

मग एकदा आत येऊन म्हणाले, "पोस्टर पायजेत. मोठी. भिवंडीला लावायला."

मी केली. काळ्यावर हात, खाली पुस्तकाचं नाव. आणि सवयीप्रमाणे त्याखाली त्यांचा मोबाइल नंबर. अन्नांनी नंबरावर बोट ठेवलं.

"ह्ये काढा."

"अहो, नंबर नसेल तर मागवणार कसं लोक? जाहिरात आहे ती."

"नंबर टाकला की फोनची वाट बघाय लागती. न्हाय आला तर कळतं, की तिनं बघितलं न्हाय, न्हायतर बघून बी केला न्हाय. नंबरच नसंल तर काय? बघितलं बी असंल की."

मी नंबर काढला. धंद्याच्या दृष्टीने इतका वाईट निर्णय माझ्या दुकानात दुसरा झालेला नाही. आणि तो मी स्वतःच्या हाताने केला.

पोस्टरांचा रोल घेऊन आम्ही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. आम्ही म्हणजे मीही, कारण अन्नांना काउंटरवरचा माणूस काय बोलतो ते ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही आणि अन्ना काय बोलतात ते सगळ्या गोदामाला ऐकू येतं. काउंटरवरच्या माणसाने पावतीचं पुस्तक ओढलं.

"भिवंडी. घेणाऱ्याचं नाव?"

मी अन्नांकडे बघितलं. अन्ना माझ्याकडे.

"तितं कुनी बी घेईल की," अन्ना म्हणाले. "चहाच्या टपरीवाल्याला सांगायचं. मागाच्या शेडजवळ लावून टाक म्हणून."

"कुनी बी असं नाव चालत न्हाय, काका. माल सोडवून कोन घेनार? नाव द्या, न्हायतर सेल्फ लिहितो."

"सेल्फ म्हंजे?"

"म्हंजे तुमी. तुमीच जाऊन पावती दाखवायची आन माल घ्यायचा."

अन्ना एक पाऊल मागे सरकले. शनीच्या पल्याड माणसं नेऊन परत आणणारा हा माणूस एकदा माढ्याला लग्नाला गेला होता, तेव्हा गाडी लागली म्हणून अर्ध्यातून परतला होता. त्यानंतर त्याने सोलापूर सोडलेलं नाही. मागे हमालांनी गठ्ठे टाकले, धूळ उडाली. काउंटरवरचा माणूस पेन हातात धरून थांबला.

"लिहा सेल्फ," मी म्हटलं.

"अक्का!" गोदामातले सगळे हमाल वळून बघायला लागले. अन्नांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, जमेल तेवढा. "म्या जाऊन काय करू?"

"पोस्टर चिकटवायला माणूस लागतोच. टपरीवाला चिकटवणार नाही, वडे बांधायला वापरेल."

हे त्यांना पटलं. वड्यांचं पटलं. त्यांनी काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकले.

"आन ती दिसली तर?"

"दिसली तर दिसली."

"ओळखू येणार न्हाय आता."

"मग काळजी कसली? चिकटवायची आणि परत यायचं. इथे दुसरी आवृत्ती काढायची आहे. साडेसातीवाले मागतायत."

काउंटरवरच्या माणसाने सेल्फ लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून पुढे केली. अन्नांनी ती घेतली नाही. मी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी उलटीसुलटी बघितली. मग त्या माणसाकडे वाकून, अगदी हळू, इतक्या हळू की त्याला दोनदा विचारावं लागलं, अन्ना म्हणाले,

"भिवंडीला आता थंडी असती का वो?"

"भिवंडीत? कसली थंडी, काका. घाम फुटतो."

अन्नांनी अंगातल्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली, बाहीचं बटण तपासलं, आणि माझ्याकडे वळले.

"मग ह्यो चालंल न्हवं, अक्का?"

"चालेल," मी म्हटलं. "पण इस्त्री करून घ्या."